उपस्थितीचा आहेर

माझ्या आईकडे आहेराची एक वही होती. लाल कापडी बांधणीची, लांबट आकाराची ती वही लोखंडी कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली असे आणि नात्यागोत्यात कोणाचे लग्न, मुंज किंवा बारसे निघाले की बाहेर येई. आपल्या घरच्या कार्याला त्या घरातून कोण आले होते, काय देऊन गेले होते, कोण नुसतेच अक्षता टाकून गेले होते, हे तीत पाहून मगच आई पाकिटात किती घालायचे ते ठरवीत असे. त्या हिशेबीपणाची मला तेव्हा लाज वाटे. आज माझ्या दोन कादंबऱ्या छापून झाल्या आहेत, तिसरी १४२ व्या पानावर येऊन वर्षभर तिथेच बसली आहे, आणि मी मात्र जवळजवळ प्रत्येक रविवारी कोणत्या ना कोणत्या सभागृहात पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेत बसलेली असते. आईसारखीच एक वही मीही बाळगते आहे, फक्त ती कागदावर नाही, हे माझ्या अलीकडेच ध्यानात आले.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा आता लिहायला वेळ मिळेल असे मी सगळ्यांना सांगितले होते. वेळ मिळाला, पण तो माझ्याआधी इतरांना दिसला. “ताई आता मोकळ्याच आहेत,” हे वाक्य सांगली-मिरजेच्या साहित्यवर्तुळात माझ्या नावाला जोडून इतक्यांदा उच्चारले गेले आहे की माझ्या परिचयपत्रात ते छापायला हरकत नाही.

परवा गेल्या हंगामाची रोजनिशी चाळली. हंगाम हा शब्द मी जाणून वापरते आहे, कारण आमच्या भागात उसाचे गाळप आणि साहित्याचे कार्यक्रम साधारण एकाच सुमाराला सुरू होतात आणि उन्हे तापू लागली की एकदमच आटोपतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो आणि त्या आठवड्यात एकाही शाळेला वक्त्यावाचून राहवत नाही. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन तर आमच्या गावाचाच दिवस; विष्णुदास भावे यांनी १८४३ साली इथे नाटक उभे केले, त्याचा अभिमान सांगलीकर पावणेदोनशे वर्षांनंतरही कालचीच गोष्ट असल्यासारखा सांगतो, आणि त्या संध्याकाळी भावे नाट्यमंदिराकडे न फिरकणारा लेखक लेखक कसला, अशी एक समजूत आहे. मग दिवाळी अंकांची प्रकाशने, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. ८ मार्चलाही बोलावणे येते, पण त्या दिवशी ते कादंबरीकाराला नसते, बाईला असते. या सगळ्यांच्या फटींत मित्रमंडळींची प्रकाशने, सत्कार, एकसष्टी आणि शोकसभा बसवायच्या. ऑक्टोबर ते मार्च या काळातल्या २६ रविवारांपैकी ५ रविवार मी घरी होते, आणि त्यांपैकी दोन सर्दीमुळे.

कार्यक्रमांचे स्वरूप वाचकांना ठाऊक आहेच. पत्रिकेत दहा वाजता असे छापलेले असते, म्हणजे सव्वाअकराला दीपप्रज्वलन. प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मग ज्यांचे सत्कार झाले त्यांच्या हस्ते उरलेल्यांचे सत्कार. पुस्तकाची वेळ येते तेव्हा स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येऊ लागलेला असतो आणि अध्यक्षांनी आपले भाषण आवरते घ्यावे अशी चिठ्ठी सूत्रसंचालकाने पुढे सरकवलेली असते. या हंगामात मला २३ नारळ मिळाले. सुरुवातीला मी त्यांच्या वड्या केल्या, नंतर शेजाऱ्यांना दिले, आणि शेवटी शेजारीही “आता पुरे” म्हणाले. शालींचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीसाठी आलेल्या टोळ्यांची पाले रस्त्याकडेला पडतात, त्यांतल्या बायकांना त्या थंडीत उपयोगी पडतात. त्या शालींवर कोणत्याही संस्थेचे नाव छापलेले नसते, ही संस्थांची मोठीच कृपा आहे.

महाविद्यालयांचा एक निराळा प्रकार आहे. तिथे कार्यक्रम व्हावा याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याचे छायाचित्र निघावे हे महत्त्वाचे असते, कारण महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीपुढे ठेवायच्या अहवालात दिनांक आणि अक्षांश-रेखांश उमटलेले छायाचित्र लागते. एका तालुक्याच्या गावी मी बोलायला उभी राहण्याआधीच माझी भाषण करतानाची छायाचित्रे काढून झाली होती. त्याच ठिकाणी परिचय करून देणाऱ्या प्राध्यापकांनी माझ्या नावावर दुसऱ्याच एका लेखिकेची कादंबरी खपवली आणि तिच्यातल्या नायिकेचे तोंडभरून कौतुक केले. दुरुस्ती करावी असे क्षणभर मनात आले, पण समोर बसलेल्या मुलींना त्या नायिकेचे दुःख इतके मनापासून पटलेले दिसत होते की मी नम्रपणे आभार मानले आणि पुढे बोलू लागले. ती कादंबरी मी वाचलेली होती, ही त्यातली जमेची बाजू.

पैशांसाठी हे कोणी करत असेल तर त्याला गणित येत नसावे. माझ्या दुसऱ्या कादंबरीची किंमत ३५० रुपये आहे आणि करारानुसार मला १० टक्के मिळतात, म्हणजे प्रतीमागे ३५ रुपये. एखाद्या तालुक्याच्या गावी कार्यक्रमानंतर टेबलावर चार प्रती विकल्या गेल्या तर तो चांगला दिवस समजायचा. त्या चार प्रतींचे १४० रुपये पुढच्या वर्षीच्या हिशेबात येतात आणि गाडीत त्याच्या चौपट पेट्रोल आजच जळलेले असते. मानधनाचे पाकीट कधी मिळते, कधी “पुढच्या वेळी बघू” असे म्हणून मिळत नाही. पहिल्या आवृत्तीच्या ५०० प्रती संपायला तीन वर्षे लागली, आणि त्यांतल्या बऱ्याच मी स्वतःच विकत घेऊन भेट दिल्या आहेत.

तरीही मी जाते, आणि त्याचे कारण ती वही आहे. माझ्या पहिल्या कादंबरीचे प्रकाशन झाले त्या संध्याकाळी पाऊस असा काही कोसळत होता की गावभागातून विश्रामबागेत येणेसुद्धा दिव्य होते. ३८ माणसे आली. आज मला त्यांतले प्रत्येक नाव सांगता येईल, कोण कुठे बसले होते तेही. एक कवी जतहून दोन एसट्या बदलून, गुडघ्यापर्यंत भिजून आले होते आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून आभारप्रदर्शनाच्या आधी मागच्या दाराने निघून गेले. त्यांच्या संग्रहाचे प्रकाशन गेल्या डिसेंबरात जतला झाले तेव्हा “माझे लेखन चालू आहे, येता येणार नाही” असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? मी गेले, दोन शब्द बोलले, रात्री उशिरा परतले आणि दुसऱ्या दिवशी कादंबरीची फाईल उघडून मागची दोन पाने वाचून पुन्हा मिटली. असे करता करता वर्ष जाते. या व्यवहारात कोणी कोणावर जबरदस्ती करत नाही. ज्याचा आहेर घेतला त्याच्या दारी जायचे, एवढेच.

मात्र आहेराचा दुसरा नियमही इथे तंतोतंत पाळला जातो, आणि त्याचे मला वाईट वाटते. पाकिटावर नाव वाचतात, आतली रक्कम कोणी मांडवात मोजत नाही. व्यासपीठावरून बोललेल्या शब्दांचे तसेच आहे. गेल्या सहा महिन्यांत मी निदान आठ पुस्तकांना “मराठी साहित्यात मोलाची भर” असे म्हटले आहे. त्यांतली दोन खरोखरच चांगली होती, आणि नेमके त्या दोन पुस्तकांविषयी बोलताना मला निराळे शब्द सापडले नाहीत, कारण असलेले शब्द मी उरलेल्या सहांवर आधीच उधळले होते. माझ्याविषयी बोलणारेही याच पेठेत खरेदी करतात, हे मला कळते. कार्यक्रम संपला की व्हॉट्सॲपच्या अकरा गटांवर तेच छायाचित्र, तेच पुष्पगुच्छ आणि तीच अभिनंदने फिरतात, आणि रात्री अकराच्या सुमारास मी एकेकाला हात जोडल्याची खूण पाठवत बसते. हा वेळही लेखनाच्याच खात्यावर पडतो.

मोठ्या संमेलनांना मी सहसा टाळाटाळ करत नाही. २००८ च्या जानेवारीत सांगलीत ८१ वे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले आणि प्रा. म. द. हातकणंगलेकर यांच्यासारखा आपल्या गावातला माणूस अध्यक्ष झाला, तेव्हा मी बँकेतून अर्धी रजा टाकून मंडपात उभी राहिले होते. तोपर्यंत माझी एक ओळही कुठे छापून आलेली नव्हती. लेखक म्हणजे काय हे मी त्या दिवशी दुरून पाहिले, आणि दुरून तो प्रकार फार देखणा दिसतो. औदुंबरचे संमेलन मला याहूनही जवळचे वाटते. कवी सुधांशू आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेला हा मेळा मकरसंक्रांतीला कृष्णाकाठी, दत्ताच्या पायाशी भरतो. तिथे तीळगूळ देणारा, कविता म्हणणारा आणि कविता ऐकून मान डोलावणारा यांच्यात फारसा फरक राहत नाही, आणि संध्याकाळी नदीवरून गार वारा सुटला की कोण मोठा लेखक आणि कोण नवा, हे विचारायचे भान कोणाला नसते.

यंदा जानेवारीच्या पहिल्या चार दिवसांत साताऱ्याला ९९ वे संमेलन होते. १९९३ नंतर साताऱ्याला हा मान ३३ वर्षांनी मिळत होता, तेव्हा आमच्या लेखनगटाने एक गाडी ठरवली आणि आम्ही सातही जण गेलो. आम्ही तिथे काय केले? पुस्तकांच्या गाळ्यांमधून हिंडलो, ओळखीच्यांना भेटलो, अनोळखी माणसांना ओळखीचे समजून मिठ्या मारल्या, परिसंवादांच्या मंडपात शिरून पाच मिनिटांनी बाहेर आलो आणि कंदी पेढ्यांचे पुडे बांधून घेतले. परतताना कराड मागे पडल्यावर गटातल्या औषध दुकानदारांनी पुढच्या सीटवरून, मागे न वळता विचारले, “डिसेंबरात कोणी किती पाने लिहिली?” पेठ नाक्याला गाडी सांगलीकडे वळेपर्यंत कोणीही काही बोलले नाही.

या गटाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. तो जमला महापुरामुळे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, म्हणजे काय झाले असेल याची कल्पना यावी. नगर वाचनालयात पाणी शिरले आणि पूर ओसरल्यावर चिखलाने जड झालेली, फुगून एकमेकांना चिकटलेली पुस्तके पाहायला मिळाली. ज्या पुस्तकांवर आपण वाढलो ती हातात घेतल्यावर ओल्या भाकरीसारखी तुटतात, हा अनुभव मी आयुष्यात विसरणार नाही. त्या दिवसांत गावात जो तो काहीतरी वाळवत होता. आम्ही काही जण पुस्तके वाळवता वाळवता बोलू लागलो, आणि बोलता बोलता प्रत्येकाच्या कपाटात एकेक अर्धवट हस्तलिखित पडलेले आहे हे उघड झाले. दोघांची हस्तलिखिते तर पुरात गेली होती. त्यांतल्या एकाने मला खासगीत सांगितले की त्याला त्याचे फारसे दुःख झाले नाही.

तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही विश्रामबागेत एकाच्या गच्चीवर जमतो. एक निवृत्त मुख्याध्यापक, औषध दुकानदार, दोन शिक्षिका, महसूल खात्यातला एक तरुण, एक द्राक्षबागायतदार आणि मी. नियम तीनच आहेत. लेखकाने मजकूर मोठ्याने वाचायचा, झेरॉक्स वाटायची नाही. वाचून झाल्यावर अर्धा तास त्याने तोंड उघडायचे नाही, म्हणजे “माझ्या म्हणण्याचा अर्थ असा होता” हे वाक्य त्याला वापरता येत नाही. आणि भडंगाचे पातेले वाचन संपल्याशिवाय बाहेर यायचे नाही. तिसरा नियम सर्वांत जास्त वेळा मोडला जातो, आणि एकदा भडंग आले की पुरस्कार कोणाला मिळाला, का मिळाला, परीक्षक कोणाचे व्याही, या विषयांवरून पुन्हा हस्तलिखिताकडे येणे अवघड होते.

मोठ्याने वाचण्याचा मात्र विलक्षण उपयोग होतो. कागदावर डोळ्यांना न दिसलेली लबाडी आवाजात ऐकू येते. जे वाक्य मी नुसते शोभेसाठी लिहिलेले असते तिथे माझा आवाज आपोआप वर चढतो आणि माझा मलाच कळतो. या गटातला सर्वांत चांगला श्रोता म्हणजे औषध दुकानदार. तो शैली, आशय, प्रतिमा असले शब्द वापरत नाही. तो म्हणतो, “इथं मी घड्याळ बघितलं.” एवढेच. त्याने घड्याळ पाहिलेली सगळी ठिकाणे मी घरी येऊन काढून टाकते आणि आजवर एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

तरीही या गटाची, आणि एकूणच आम्हा लेखकांच्या लेखकांशी चालणाऱ्या उठबशीची, मर्यादा मला गेल्या फेब्रुवारीत समजली. माझी अडलेली कादंबरी हळदीच्या व्यापारातल्या एका घराण्याची आहे. सांगलीला खेटून, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे, हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत खोल खणले तरी पाझर फुटत नाही, म्हणून पूर्वी तिथे पेवे खणून त्यांत हळद साठवत. तोंड एका माणसापुरते, आत मात्र पोट मोठे. शेणाने सारवलेल्या त्या पोटात हळद भरून तोंड मातीने लिंपले की हळकुंडाला कीड लागत नसे आणि रंग टिकत असे. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरले, माल कुजला, आणि व्यापारी पुढे वखारी आणि शीतगृहांकडे वळले. माझ्या कादंबरीत १९७० च्या सुमाराचा एक प्रसंग आहे: बरेच महिने बंद असलेले पेव उघडले जाते आणि एक तरुण हमाल दोर धरून आत उतरतो. त्या उतरण्यावर मी अडीच पाने खर्च केली होती. गच्चीवर ते प्रकरण वाचले तेव्हा मुख्याध्यापकांनी “काळोखाचा वास” या माझ्या शब्दांना दाद दिली, शिक्षिकांपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि औषध दुकानदारांनी घड्याळ पाहिले नाही. मी सुखावले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मराठी भाषा गौरव दिनानिमित्त मिरज तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाने बोलावले. क वर्गाचे वाचनालय, दोन खोल्या, वर पत्रा, वर्तमानपत्रांचे एक लांब टेबल, आणि श्रोते वीस-बावीस. बोलायला तयार केलेले भाषण त्या खोलीत फारच मोठे वाटू लागले, म्हणून मी पिशवीतून हस्तलिखित काढले आणि तेच प्रकरण वाचले. टाळ्या झाल्या, आभार झाले, पसायदान झाले, चहा फिरू लागला. दाराशी मी चपला शोधत होते तेव्हा डोक्याला पांढरी टोपी आणि अंगात स्वच्छ धुतलेला सदरा असलेले, पंच्याहत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ जवळ आले. मार्केट यार्डात त्यांनी आयुष्यभर हमाली केली होती, आणि तरुणपणी हरिपुरातही.

“बाई, लिहिलंय झ्याक,” ते म्हणाले, “पर एक चुकलंय. पेव उघडल्या उघडल्या माणूस आत उतरत न्हाई. उतरला तर त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि मग दोघंबी आतच ऱ्हात्यात.”

मी काहीच बोलले नाही. त्यांनी मला सावकाश समजावून सांगितले. बंद पेवातली हवा माणसाला चालणारी नसते. तोंड उघडले की ते बराच वेळ तसेच सोडायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचे. पुन्हा सोडायचा. तो तळापर्यंत जळत राहिला, तरच माणूस. “आणि वास म्हणाल,” ते जरा हसून म्हणाले, “तर काळोखाचा कसला वास? हळदीचा असतो. डोळ्यांत जातो, घशात जातो. घरी गेलं तरी पोरं जवळ यायची न्हाईत.”

इतर लिहिणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते म्हणतात की एखादी तांत्रिक चूक कादंबरीत चालून जाते. मला तसे वाटत नाही. माझ्या त्या अडीच पानांत एक माणूस मेला असता आणि मला ते कळलेही नसते. सात लेखकांनी मिळून त्याच्या मरणाच्या वर्णनाला सुंदर म्हटले असते. ग्रंथालयातून हळदीवर मिळतील ती पुस्तके मी वाचली होती, हरिपुरात जाऊन बुजलेल्या पेवांच्या जागा पाहिल्या होत्या, एका व्यापाऱ्याच्या घरी तीन वेळा चहा घेतला होता. व्यापाऱ्याने पेवाच्या भाड्याची, सौद्यांची, भावाची माहिती अगदी बारकाईने दिली होती. कंदिलाविषयी तो बोलला नाही, कारण त्याच्या घरातले कोणी कधी आत उतरलेच नव्हते. मीही त्याला विचारले नाही.

लेखकाने कार्यक्रम सोडून घरी बसावे, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि १४२ वे पान आठवले की तो मला पटतोही. पण मी घरी बसले असते तर तो हमाल पेवातच राहिला असता. मंचावर मला काही मिळाले, असे एकही उदाहरण मला आठवत नाही. जे मिळाले ते आभार झाल्यावर, चहाच्या कपाशी किंवा चपलांच्या ढिगाशी. तेव्हा ज्या ठिकाणी पाहुण्यांना पसायदानानंतर लगेच गाडीत बसवून वेगळ्या जागी जेवायला नेतात, तिथे मी आता शक्यतो जात नाही. त्यावरून दोन संस्था नाराज झाल्या आहेत. एका प्रकाशनालाही मी मार्चमध्ये गेले नाही, ज्यांच्याकडचा आहेर मी नक्की घेतलेला होता. त्यांनी तो विषय काढलेला नाही, आणि काढला असता तर बरे झाले असते.

ती अडीच पाने मी फाडली आणि त्या जागी बारा पाने लिहिली. आता पेव सकाळी उघडते आणि कंदील दोनदा विझतो. बाहेर मालमोटार उभी आहे, व्यापारी येरझाऱ्या घालतो आहे, मुंबईचा खरेदीदार घड्याळ पाहतो आहे, आणि चार हमाल पेवाच्या तोंडाशी नुसते बसून आहेत. या बसण्यात जे जे बोलले जाते त्यातून कादंबरीला पुढची वाट फुटली. एप्रिलच्या बैठकीत मी हे गच्चीवर वाचले. मुख्याध्यापकांना “काळोखाचा वास” गेल्याचे वाईट वाटले. औषध दुकानदारांनी व्यापाऱ्याच्या येरझाऱ्यांपाशी एकदा घड्याळ पाहिले, ते मी मान्य केले.

त्यानंतरच्या आठवड्यात कोणाचेही बोलावणे नसताना मी त्या गावी गेले. ग्रंथपालांना आधी फोन केला होता. दुपारची वेळ होती, टेबलाशी तीन माणसे पेपर वाचत बसली होती आणि त्यांच्यात ते होते. टोपी बाजूला काढून ठेवली होती. मी बारा पाने हळू आवाजात वाचली. उरलेल्या दोघांनी पेपर चाळणे थांबवले. कंदील पहिल्यांदा विझतो तो भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

“आता बरोबर हाय,” ते म्हणाले. “पर बाई, एक सांगा. आमची मजुरी पोत्यामागं असायची. पोतं हललं न्हाई तर पैसा न्हाई. तुमचा त्यो हमाल दिसभर बसून ऱ्हायला, कंदील इझला म्हणून. मग संध्याकाळी त्यानं घरी काय नेलं?”

मी ते लिहिले नव्हते. पिशवीतून पेन्सिल काढून त्या पानाच्या समासात ‘मजुरी?’ एवढेच लिहिले, आणि ग्रंथपालांनी मागवलेला चहा येईपर्यंत त्यांना विचारत राहिले.